दोन चौकट

श्रीरंग आमच्या टेबलाशी आला, त्याने खुर्ची मागे ओढली आणि मला म्हणाला, "नमस्कार."

मीही म्हटलं, "नमस्कार."

सकाळी सात वाजता याच माणसाला मी मोरीच्या दारातून ओरडून विचारलं होतं, की ओवीची दुपटी कुठे वाळत घातलीस. पण ब्रिजच्या स्पर्धेत समोरच्या जोडीला नमस्कार करायची रीत आहे, आणि त्या दिवशी श्रीरंग माझा प्रतिस्पर्धी होता. म्हणजे अर्धा. उरलेली अर्धी, वैदेही देवल, त्याच्या मागून आली आणि आवाज न करता बसली. ती सगळंच आवाज न करता करायची. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची, केस मागे घट्ट बांधायची, आणि स्वतःची पेन्सिल स्वतः तासून आणायची. तिच्या पेन्सिलीचं टोकसुद्धा मला बघवत नव्हतं.

"ये रे श्रीरंगा," माझे जोडीदार शिखरेकाका म्हणाले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, सासऱ्यांचे मित्र. "बायकोच्या शेजारी बसून तिच्याविरुद्ध खेळायचं. रात्री जेवायला मिळणार आहे का?"

"आज माझीच पाळी आहे काका, स्वयंपाकाची."

"मग तर ती हरणारच नाही. काय सूनबाई?"

मी हसले. माझ्या उजव्या हाताला श्रीरंग, डाव्या हाताला वैदेही, समोर काका. पाच वर्षं मी श्रीरंगची जोडीदार म्हणून त्याच्या समोर बसले होते. शेजारून तो कसा दिसतो हे मला त्या दिवशीच कळलं. कानामागे साबण राहिला होता.

सांगलीच्या क्लबचा तो हॉल, बावीस टेबलं, वर पंखे. ओवी तेव्हा अकरा महिन्यांची होती. आता ती आठवीत आहे आणि तिला पत्त्यांचा कंटाळा आहे. पण त्या दिवशी बारा वाजता सासूबाई तिला घेऊन क्लबवर येणार होत्या, दूध पाजायला. अकराच्या पुढे माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं. ओढणी मी आधीपासूनच पुढे ओढून घेतली होती.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांना वाटतं की पत्ते म्हणजे नशीब. आमच्याकडे ते चालत नाही. बावन्न पत्ते एकदा वाटले की चार हात तसेच एका खोक्यात घालतात आणि ते खोकं टेबलाटेबलावरून फिरतं. प्रत्येक जोडी तेच हात खेळते. वाईट पानं आली म्हणून रडायची सोय नाही. त्याच पानांवर दुसऱ्यांनी काय केलं आणि तुम्ही काय केलंत, एवढंच मोजतात.

आणि त्या दिवशी मला मोजूनच हवं होतं.

झालं होतं असं. ओवीच्या वेळी सातव्या महिन्यात मला तीन-तीन तास बसवेना, तेव्हा मीच श्रीरंगला म्हटलं होतं, "तू थांबू नकोस. कुणीतरी बघ." त्याने वैदेहीला बघितलं. चौदा महिने ते दोघं एकत्र खेळत होते. त्यांच्यात बायकोने काळजी करावी असं काहीही नव्हतं. असतं तर मला सोपं गेलं असतं. भांडता आलं असतं, माहेरी जाता आलं असतं. तो रविवारी संध्याकाळी घरी यायचा, हातपाय धुवायचा, ओवीला कडेवर घ्यायचा आणि मला म्हणायचा, "इरा, आज वैदेहीने काय उतारी केली सांगू? किलवरची दुर्री. दुर्री, कळतंय का तुला?" आणि मला कळायचं. तेच तर दुःख होतं. न कळणारी बायको असते तर "बरं" म्हणून कुकर लावला असता. मी तिथे उभी राहून, ओवीचं नाक पुसत, मनातल्या मनात तो डाव लावायचे आणि मला दिसायचं की होय, दुर्रीच बरोबर. मला सुचली असती का? नसती सुचली.

पुढच्या महिन्यात नाशिकला राज्याची निवड स्पर्धा होती. श्रीरंग एका रात्री ताट घासताना म्हणाला, "नाशिकला तू चल माझ्याबरोबर. मी सांगतो वैदेहीला."

"काय सांगशील?"

"की तू परत आलीस म्हणून."

"आणि ती उठणार? चौदा महिने खेळून?"

"उठेल. शहाणी आहे."

शहाणी आहे. मला ती उठायला नको होती. मला तिला उठवायचं होतं.

"दया म्हणून नको मला ती खुर्ची," मी म्हटलं. "सांगलीची स्पर्धा आहे ना पंधरा दिवसांनी? मी शिखरेकाकांबरोबर उतरते. आम्ही तुमच्या वर आलो तर नाशिकला मी. नाही आलो तर ती."

"अगं, दया कुठून आली यात?"

"तू विचार तिला."

त्याने विचारलं. ती म्हणे एवढंच म्हणाली, "चालेल." हे सांगताना त्याच्या आवाजात तिचं कौतुक होतं, तेही मी ऐकलं.

तर त्या दिवशी अकरा वाजून दहा मिनिटांनी ते दोघं आमच्या टेबलावर आले तेव्हा भिंतीवरच्या तक्त्यावर ते तिसरे होते आणि आम्ही चौथे. मध्ये अंतर जवळपास नव्हतंच. आमचे दोन डाव होते एकमेकांशी. पहिला साधा गेला, सगळ्यांचा झाला असेल तसाच. दुसऱ्या खोक्यातून मी पानं काढली. चार एक्के होते त्यांतले तीन माझ्याकडे, आणि किलवरची लांब ओळ.

पण पहिली बोली श्रीरंगची होती. त्याने पानं लावली, समोरच्या डब्यातून एक कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. दोन चौकट.

इथे थोडं थांबून सांगायला हवं.

ब्रिजमध्ये जोडीदाराशी बोलायचं नसतं. भुवई हलवायची नसते, खोकायचं नसतं. जे काय सांगायचं ते बोलीतून, आणि बोलीच्या साऱ्या भाषेत शब्द किती, तर अडतीस. त्या अडतीस शब्दांचा अर्थ काय लावायचा हे प्रत्येक जोडी आपापसात ठरवते. मात्र चोरून ठरवता येत नाही. एका छापील कागदावर लिहून टेबलावर ठेवावं लागतं, आणि समोरच्याने विचारलं तर ज्याने बोली केली त्याच्या जोडीदाराने अर्थ सांगायचा.

लग्नाच्या आधी, कोल्हापूरहून एक स्पर्धा हरून परतताना, जयसिंगपूरच्या एका चहाच्या गाडीवर श्रीरंगने आणि मी या 'दोन चौकट'चा आमचा अर्थ ठरवला होता. चौकटशी तिचा काही संबंध नव्हता. पाच इस्पिक, पाच बदाम, हात कमजोर. दोन सारख्या लांबीचे रंग, म्हणून आम्ही तिला म्हणायचो 'जुळी'. तशी बोली जगात दुसरीकडे कुणी करत नसेल असं नाही. पण आम्ही ती कुठून वाचली नव्हती. बशीतला चहा निवेपर्यंत बसून, पुढची उत्तरं-प्रत्युत्तरं सिगरेटच्या पाकिटावर लिहून, आम्ही ती आमची आम्ही तयार केली होती. श्रीरंगने मला लग्नाचं विचारलं ते त्यानंतर आठ दिवसांनी, आणि मला नेहमी वाटतं की विचारायचं असं त्यात फारसं उरलं नव्हतं. ओवीच्या वेळी सोनोग्राफीच्या खोलीत त्याने डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला तो, "जुळी आहेत का?" डॉक्टर नाही म्हणाल्या आणि आम्ही दोघं का हसतोय ते त्यांना कळेना.

वैदेहीबरोबर खेळायला लागल्यावर तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात मी सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, "आणि जुळी?"

"काढून टाकली," तो म्हणाला. "वैदेही दुसरी खेळते. तीच बरी पडते."

काढून टाकली. भिंतीवरचं कॅलेंडर काढावं तसं.

तर आता दोन चौकट टेबलावर होती. वैदेहीने नियमाप्रमाणे बोटाने टेबलावर हलकं टकटक केलं, म्हणजे या बोलीला काही खास अर्थ आहे, विचारायचं तर विचारा. मला अर्थ माहीत होता. तरी मी विचारलं. तिच्या तोंडून ऐकायचं होतं, जसं दुखऱ्या दातावर जीभ जातेच.

"काय अर्थ आहे तुमच्यात?"

मी तिला 'तुम्ही' म्हणायचे. ती मला 'तू' म्हणायची.

"कमजोर हात," वैदेही म्हणाली. "एकाच रंगाची सहा पानं. इस्पिक तरी, बदाम तरी. दोघांपैकी एकच."

"दोन्ही नाहीत?"

"नाही. दोन्ही असतील तर ही बोली करत नाही."

श्रीरंगने स्वतःच्या पानांकडे बघितलं. मान खाली. कानामागचा साबण वाळून पांढरा झाला होता.

त्या दोघांनी पुढे तोंड उघडलं नाही. काका आणि मी चढत गेलो आणि थांबलो ते सहा किलवरवर. म्हणजे किलवर हुकूम, आणि तेरातले बारा हात मला करायचे. एकच सोडायचा. वैदेहीने इस्पिकची उतारी केली, म्हणजे पहिलं पान टाकलं. काकांनी त्यांची पानं टेबलावर उघडी पसरली, कारण तीही आता मीच खेळायची होती; मग चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "घे सूनबाई. नाशिक यातच आहे."

वैदेहीच्या त्या इस्पिकला श्रीरंगने वर राजा घातला, मी एक्क्याने घेतला. हुकूम काढून घेतले. चौकटचे दोन हात केले. इस्पिकचा एक हात द्यायचाच होता तो दिला. श्रीरंगने राणीने घेतला. माझा सोडायचा एक हात तो तिथे सुटला. तिसऱ्या फेरीला काकांच्या हातातली इस्पिक मी हुकमाने मारली, आणि त्या फेरीला वैदेहीकडे इस्पिक नव्हती. तिने एक चौकट टाकली.

आता सगळं एका पानावर आलं. बदामाची राणी. माझ्या हातात बदामाचा एक्का, गुलाम, दश्शी. काकांकडे राजा आणि नव्वी. राणी श्रीरंगकडे असेल तर एका बाजूने खेळायचं, ती सापडते. वैदेहीकडे असेल तर दुसऱ्या बाजूने, तरी सापडते. फक्त कुणाकडे आहे ते आधी ठरवायचं. चुकलं तर डाव बुडाला.

मी मोजायला बसले. इस्पिक आमच्याकडे मिळून सहा. वैदेहीकडे दोन निघाल्या. उरल्या पाच. म्हणजे श्रीरंगकडे इस्पिक पाच.

सहा नव्हे. पाच.

मी पुन्हा मोजलं. पाचच. वैदेही म्हणाली होती सहा, आणि तिने खोटं सांगितलं नव्हतं. ती खोटं सांगणाऱ्यांतली नव्हती. मग श्रीरंगने पाचावर ती बोली का केली?

एक उत्तर होतं. ते माझ्या मनात आलं, अगदी स्पष्ट आलं, आणि मी ते दोन क्षण हातात धरूनही ठेवलं. पाच इस्पिक. आणि मग पाच बदाम. जुळी. तो विसरला असेल. मी शेजारी बसले आहे, माझ्या आवाजात नमस्कार ऐकून त्याने पानं उचलली, आणि त्याच्या हाताने जुनी भाषा बोलून टाकली. तसं असेल तर बदाम पाच त्याच्याकडे, आणि पाचांत राणी असण्याचाच संभव जास्त.

मग मला स्वतःचीच लाज वाटली. काय पण समजूत. चौदा महिन्यांत तो माणूस एकदाही चुकला नव्हता, दर रविवारी मला येऊन सांगत होता, आणि आज म्हणे माझ्या एका नमस्काराने विसरला. काढून टाकली म्हणाला होता. माझ्या तोंडावर म्हणाला होता.

आणि दुसरं उत्तर आलं. ते आलं ते येऊन बसलंच. माझ्याबरोबर खेळताना श्रीरंग कधी एक पान कमी असताना बोली करायचा नाही. मी कितीदा म्हटलं, अरे कधी तरी जरा सैल सोड, तर म्हणायचा, "ठरलं ते ठरलं, इरा." माझ्याबरोबर तो हिशेबनीस होता. हिच्याबरोबर मात्र सहाच्या जागी पाच चालतात. हिच्याबरोबर तो खोड्या काढतो. त्यांच्यात तेवढी गंमत आली आहे, की कागदावर एक लिहायचं आणि हसत हसत दुसरं करायचं, आणि समोरचीने सांभाळून घ्यायचं. मला ते डोळ्यांपुढे दिसलं: स्पर्धा संपल्यावर दोघं चहा पिताहेत, आणि ती म्हणतेय, "पाचावर केलीस ना रे, लबाडा." ती असं काही बोलेल अशी नव्हती. पण मी तिला बोलायला लावलं.

तसं असेल तर बाकी अर्थ तिने सांगितला तोच. एकच रंग. बदाम त्याच्याकडे फार नाहीत. बदाम तिच्याकडे. राणी तिच्याकडे.

हॉलच्या दाराशी ओवी रडली. सासूबाई लवकर आल्या होत्या. माझ्या छातीत कळ आली आणि ओढणीखाली ओलं झालं.

"सूनबाई," काका हळूच म्हणाले, "सावकाश."

मी बदामाचा गुलाम ठेवला. वैदेहीने लहान पान टाकलं. काकांकडचं मी लहान टाकलं. आणि मी उजवीकडे बघितलं नाही. मला बघायची गरज वाटली नाही.

श्रीरंगने राणी ठेवली.

ठेवताना त्याने ती ठेवली नाही, सोडली. जसं हातातून काही निसटतं तसं. ती फेरी त्याची झाली आणि तो पुढचं पान खेळला. बदाम. आणखी एक बदाम होता त्याच्याकडे. त्याच्यामागे आणखी. पाच.

"एक मिनिट," शिखरेकाका म्हणाले. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. "पाच इस्पिक आणि पाच बदाम? आम्हाला सांगितलं एकच रंग." त्यांनी हात वर केला. "डायरेक्टर."

कोल्हापूरचे घाटगे होते डायरेक्टर, म्हणजे स्पर्धेचे पंच, ते आले. काकांनी सांगितलं. घाटग्यांनी वैदेहीला विचारलं, काय अर्थ सांगितला. तिने तोच शब्दाला शब्द सांगितला. मग त्यांनी टेबलावरचा त्या जोडीचा छापील कागद उचलला. दोन चौकटच्या पुढे श्रीरंगच्या अक्षरात तेच लिहिलेलं होतं. माझ्या नवऱ्याचं अक्षर. किराणा यादीतही तो असाच शिरोरेषा जोडून लिहितो.

"मग तुम्ही का केलीत ही बोली?" घाटग्यांनी त्याला विचारलं.

"विसरलो."

"काय विसरलात?"

श्रीरंगने खोक्याकडे बघून उत्तर दिलं. "कुणाबरोबर खेळतोय ते."

घाटगे माझ्याकडे वळले. त्यांना आमचं नातं माहीत नव्हतं. "बाई, समोरच्यांचं काय ठरलंय ते कळण्याचा तुम्हाला हक्क आहे. त्यांच्या हातात काय आहे ते कळण्याचा नाही. अर्थ बरोबर सांगितला, बोली चुकली. चुकीची बोली हा गुन्हा नाही. निकाल राहील."

"राहू दे," मी म्हटलं.

काका पानं गोळा करताना फक्त म्हणाले, "तिसऱ्या इस्पिकला कळलं होतं तुला. मी बघत होतो तुझ्याकडे. कळलं होतं की नाही?"

"कळलं होतं."

"मग?"

"पटलं नाही."

संपलं तेव्हा आम्ही चौथेच राहिलो आणि ते तिसरे. तेवढा एक डाव झाला असता तर उलट. मी मागच्या खोलीत, घडीच्या खुर्च्यांच्या ढिगाला टेकून, ओवीला पाजत बसले होते. वैदेही दार ढकलून आत आली, मला बघून मागे फिरली, आणि परत वळली.

"बसू?"

"बसा ना."

ती एक खुर्ची उघडून बसली. बराच वेळ ओवीच्या पायाकडे बघत होती. ओवीने एक मोजा काढून टाकला होता.

"ती तुमची बोली होती ना?" वैदेही म्हणाली. "त्याने मला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं, की आधी आम्ही वेगळी खेळायचो. मी म्हटलं, शिकव, तीच खेळू. तर म्हणाला, नको, तुझीच खेळू. मला वाटलं, माझी चांगली आहे म्हणून."

मी ओवीचा मोजा शोधू लागले. तो माझ्याच मांडीखाली होता.

"चौदा महिने मी त्याच्या समोर बसतेय, इरावती. आज आम्हाला सगळ्यात जास्त गुण मिळाले त्या डावावर. आणि मला असं वाटलं की कुणीतरी माझ्या खांद्यावरून मागच्याशी बोललं." ती हसली. "नाशिकला तू जा. मी सांगते त्याला."

अगदी तो म्हणाला होता तशीच, शांतपणे उठत होती. शहाणी होती ती, श्रीरंगचं चुकलं नव्हतं. आणि मला आयुष्यात पहिल्यांदा दिसलं की तिच्या पेन्सिलीचं टोक मोडलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "ठरलं ते ठरलं. तुम्ही जिंकलात."

"हट्ट करू नकोस."

"हट्ट नाही. उद्या मी तिथे बसले तर मला रोज वाटणार, की दिली म्हणून बसले."

तिने मान हलवली. हे तिला पटलं. आम्हा दोघींना एकच गोष्ट पटत होती हेही मला आवडलं नाही.

"मग एक कर," ती म्हणाली. "ती बोली मला शिकव. दहा मिनिटं लागतील. पुढची उत्तरंसुद्धा. नाशिकला त्याच्या हातून परत झाली तर निदान मला कळेल तरी. तीच लिहून टाकू कागदावर. मला चालेल."

ती खरंच म्हणत होती. तिने पर्समधून कागद काढला. मोडक्या टोकाची पेन्सिल काढली.

आणि मी, जिला पाच मिनिटांपूर्वी स्वतःच्या शंकेची शरम वाटत होती, जिला कळलं होतं की तो ती बोली कुणाला देऊन आलेला नाही, ती मी ओवीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत म्हणाले, "तिच्यात शिकवण्यासारखं काही नाही हो. आम्ही उगाच खेळायचो. त्याला सांगा, विसरू नकोस म्हणून."

वैदेहीने माझ्याकडे बघितलं. ब्रिज खेळणारी बाई होती. समोरच्याने पान लपवलं की तिला कळायचं. तिने कागदाची घडी घातली.

"बरं," ती म्हणाली.

घरी जाताना स्कूटरवर ओवी आमच्या दोघांमध्ये झोपली होती. विश्रामबागच्या चौकात सिग्नलला श्रीरंग मान मागे न वळवता म्हणाला, "तुला कळायला हवं होतं, इरा."

"तू काढून टाकली म्हणाला होतास."

"त्यांच्या कागदावरून काढली म्हणालो होतो."

'त्यांच्या' म्हणाला, 'आमच्या' नाही. मी त्याच्या कानामागचा साबण अंगठ्याने पुसला. नाशिक गेलं ते गेलंच.

पुढच्या महिन्यात ते दोघं नाशिकला गेले. मी घरी. दोन दिवसांच्या स्पर्धेत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला. ओवीला खिचडी भरवत होते, फोन कानाखांद्यात धरला.

"निवड नाही झाली," तो म्हणाला. "थोडक्यात गेली. आठ जोड्या घेतल्या, आम्ही नववे."

"अरे. काय झालं?"

"काही नाही. एक डाव." मागे हॉलचा गलका ऐकू येत होता. "जुळी आली गं."

"काय?"

"पाच इस्पिक, पाच बदाम, हात कमजोर. पहिली बोली माझीच. अगदी पुस्तकातल्यासारखी."

ओवीने तोंडातली खिचडी माझ्या हातावर काढून ठेवली.

"मग?"

"मग काय. वैदेहीच्या बोलीत ती बसत नाही, दोन रंग आहेत. आणि आपली केली तर तिला कळणार नाही. बराच वेळ बघत बसलो. शेवटी पास म्हटलं. ती पण पास. चौघेही पास. खोकं बंद. बाकी सगळ्या टेबलांवर याच पानांवर चार इस्पिकचा डाव झाला." तो जरा हसला. "शून्य मिळालं. सरळ शून्य."

"वैदेही काय म्हणाली?"

"काही नाही म्हणाली. डाव संपल्यावर माझी पानं उलटी करून बघितली. मोजली. मग म्हणाली, घरी फोन करशील तेव्हा तिला सांग."

"काय सांग?"

"तेवढंच. तिला सांग. मी विचारलं, काय सांगू, तर म्हणाली, पानं सांग, तिला कळेल. तुला कळलं का काही?"

मला कळलं. दहा मिनिटं लागली असती. कागद तिने काढला होता, पेन्सिल काढली होती, आणि एका 'नाही'ने मी त्या दोघांना नाशिकहून रिकामं घरी आणलं होतं. मला अपराधी वाटायला हवं होतं आणि वाटलंही, खूप वाटलं. पण त्याच्याही खाली, अगदी तळाशी, एक माणूस माझ्यापासून दीडशे कोसांवर पानं हातात धरून बराच वेळ बसला होता, आणि माझ्याखेरीज दुसऱ्या कुणाशीही ते बोलता येत नाही म्हणून गप्प राहिला होता. ते मला इतकं गोड लागलं, की मी तोंडावर हात दाबून धरला. ओवीला वाटलं मी लपाछपी खेळतेय, ती खदखदून हसली.

"इरा? आहेस ना?"

"आहे," मी म्हटलं. "अरेरे. फारच वाईट झालं रे."

आवाज मला साधला असावा.

"जाऊ दे गं," माझा नवरा म्हणाला. "तू एवढं मनाला लावून घेऊ नकोस."